घाटावरून समुद्रात: कोल्हापुरात राहून स्कूबाचा छंद कमी खर्चात कसा जमवायचा

पहिल्या दीड वर्षात स्कूबावर माझे बहात्तर हजार रुपये गेले. डायरीत लिहायची सवय आहे म्हणून आकडा कळला, नाहीतर कळलाही नसता. लॉगबुकातली, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीतली, मिनिटं जोडली तर पाण्याखालचा सगळा वेळ मिळून साडेपाच ताससुद्धा भरला नाही. कोर्सची फी, प्रवास आणि मुक्काम बाजूला काढला तरी एकोणीस हजार असे निघाले, जे आधी चार जणांना विचारलं असतं तर खिशातच राहिले असते. ते कुठे कुठे गेले ते पुढे ओघात येईलच.

पाण्यात उतरायचा खर्च ठरलेला असतो, त्यात फार घासाघीस होत नाही. पैसा गळतो तो आधी आणि नंतर. म्हणून आता माझा एकच नियम आहे: जे कोल्हापुरात उरकतं ते कोल्हापुरातच उरकायचं आणि समुद्रावर फक्त समुद्राचं काम करायचं.

आधी एक ट्रायल, पण डोळे उघडे ठेवून

मालवण-तारकर्लीला जाऊन 'स्कूबा केलं' म्हणणारे कोल्हापुरात गल्लोगल्ली सापडतील. बहुतेकांनी केलेली असते ती पर्यटकांची ट्रायल. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास उथळ पाण्यात, प्रशिक्षक मागून धरून, दहा-पंधरा मिनिटं. बऱ्याच ठिकाणी पाठीवर सिलिंडरही नसतो, होडीवरून आलेल्या नळीतून हवा मिळते. मासे दिसतात, फोटो निघतो, मजा येते. वाईट काही नाही. पण यातून तुम्ही डाइव्हर होत नाही आणि पुढच्या कोर्समध्ये ही दहा मिनिटं जमेलाही धरत नाहीत. त्यामुळे ट्रायल एकदाच करावी, तीही एवढ्यासाठीच की पाण्याखाली तोंडाने श्वास घेताना जीव घाबरा होतो का ते कळावं. मी तीन वेळा केली. दुसरी पाहुण्यांच्या हट्टामुळे, तिसरी का केली ते आजही सांगता येणार नाही.

रस्त्यावर हात करून गाडी थांबवणाऱ्या माणसाकडून बुकिंग करू नका. त्याचं कमिशन तुमच्याच पैशातून जातं. तीन ट्रायलमध्ये मिळून माझे दोन हजार असेच जास्तीचे गेले. त्याऐवजी आदल्या आठवड्यात दोन-तीन ठिकाणी थेट फोन करा आणि विचारा: होडीचे पैसे यात धरलेत का? फोटो-व्हिडिओ धरून की वेगळे? प्रत्यक्ष पाण्याखाली किती मिनिटं? एका प्रशिक्षकामागे किती जण? समुद्र खवळला आणि होडी निघाली नाही तर पैसे परत की पुढची तारीख? शेवटच्या प्रश्नावर समोरचा अडखळला तर फोन ठेवा.

फी भरण्याआधी मेडिकल फॉर्म

हे पाऊल लोक हमखास शेवटी ठेवतात आणि तिथेच फसतात. कोर्सच्या पहिल्या दिवशी तुमच्यासमोर आरोग्याची एक प्रश्नावली येते: दमा, फिट्स, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन, सायनस, चालू असलेली औषधं. काही प्रश्नांना 'हो' म्हटलं की डॉक्टरांची सही आल्याशिवाय पाण्यात उतरवत नाहीत आणि ते बरोबरच आहे. आमच्यातल्या एकाला लहानपणी दमा होता. तो तारकर्लीत पोचला, फॉर्म भरला आणि तिथूनच परत फिरला. ॲडव्हान्स गेला, चार दिवसांची रजा गेली, वर घरी बोलणी खाल्ली ती वेगळी.

हा फॉर्म नेटवर फुकट मिळतो. घरी बसून खरा भरा. शंका असेल तर इथल्याच कान-नाक-घसा तज्ज्ञांना किंवा फिजिशियनना दाखवा. तपासणीची फी पाचशे-हजार झाली तरी बुडणाऱ्या ॲडव्हान्सपेक्षा स्वस्तच.

विम्याचंही याच वेळी बघून घ्या. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात साहसी खेळांबद्दलचं जे ठरीव कलम असतं, त्यात स्कूबाचं नाव आहे, पण ते धंदा म्हणून डाइव्हिंग करणाऱ्यांसाठी. हौसेने करणारा त्यात आपोआप येत नाही. अपघात विमा आणि प्रवास विमा यांची कलमं मात्र वेगळी असतात. एजंटच्या तोंडी हमीवर जाऊ नका, पॉलिसी स्वतः वाचा.

पावसाळ्याचे चार महिने

जून ते सप्टेंबर आपल्या किनाऱ्यावर डाइव्हिंग बंदच असतं. सीझन साधारण ऑक्टोबर ते मे. म्हणजे निम्म्या तयारीला चार महिने आयते मिळतात.

पोहणं आधी. ओपन वॉटर या डाइव्हिंगच्या पहिल्या कोर्ससाठी दोनशे मीटर सलग पोहावं लागतं, स्ट्रोक कुठलाही, वेळेचं बंधन नाही. शिवाय दहा मिनिटं पाण्यावर नुसतं तरंगायचं. पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललेल्या आमच्या पिढीला यात काय विशेष, असं मलाही वाटलं होतं. पण विहिरीतलं पोहणं म्हणजे उडी मारून काठाला येणं. सलग दोनशे मीटर म्हणजे पंचवीस मीटरच्या टाकीत आठ फेऱ्या, आणि पाचव्या फेरीला माझी छाती भरून आली. रंकाळ्याजवळच्या अंबाई टँकवर किंवा घराजवळच्या कुठल्याही तलावावर दोन महिन्यांचा पास काढा. वीरधवल खाडे ऑलिम्पिकला गेला तो याच गावातून, तेव्हा शिकवणाऱ्यांची इथे वाण नाही. पोहणं कच्चं असलं की कोर्सचा एखादा दिवस वाढतो. त्या एका दिवसाच्या जादा फीत आणि मुक्कामात तलावाचा पास सहज निघतो.

दुसरं, थिअरी. डाइव्हरचं कार्ड, म्हणजे प्रमाणपत्र, पॅडी किंवा एसएसआय अशा संस्थेचं मिळतं, आणि या दोन्ही संस्थांचा अभ्यास आता मोबाईलवर होतो. नोंदणी करून तो पावसाळ्यात घरीच संपवा. माझं थिअरीचं पुस्तक तारकर्लीच्या खोलीत, पंख्याखाली, रात्री अकरापर्यंत चाललं होतं. दुसऱ्या दिवशी पाण्यात झोप येत होती.

भिशी

याला दुसरा शब्दच नाही. आपल्याकडे तालमी-मंडळांत आठवड्याची भिशी असते, ती दिवाळीच्या तोंडावर फुटते. डाइव्हिंगचा सीझनही तेव्हाच रंगात येतो. आम्ही सहा जणांनी दर शनिवारी पाचशे टाकायला सुरुवात केली. पन्नास आठवड्यांत माणशी पंचवीस हजार झाले. ओपन वॉटर कोर्सची फी ठिकाणानुसार साधारण पंचवीस ते चाळीस हजारांच्या घरात असते, म्हणजे मोठा भाग तिथेच निघाला.

सोडत काढून दरमहा एकाला पैसे देणारी भिशी यासाठी घेऊ नका. त्यात प्रत्येक जण वेगवेगळ्या महिन्यात मोकळा होतो आणि सगळ्यांनी एकत्र जाण्याचा फायदा बुडतो. फायदा कसला? सहा जण एकदम आले तर बरीचशी सेंटर फी कमी करतात, गाडी वाटून जाते, खोल्या वाटून जातात. फोनवर 'ग्रुपचं काय?' एवढं विचारलं की पुढचं ते स्वतःच बोलतात. फक्त एक अट आधीच घाला: प्रशिक्षकामागे माणसं वाढवून सवलत देणार असाल तर ती नको.

कोर्स कुठे आणि कसा

कोल्हापूरकराला सगळ्यात जवळचं तारकर्ली. तिथे एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तिचा स्वतःचा खोल तलाव आहे. समुद्र गढूळ असला तरी तलावातला भाग थांबत नाही. त्यापुढे गोवा, मग मुर्डेश्वरहून नेत्राणी बेट, मग पुदुच्चेरी, अंदमान.

कार्ड पॅडीचं की एसएसआयचं यावर लोक तासभर वाद घालतात. पैशाच्या दृष्टीने फरक एवढाच की कोण काय धरून सांगतो. दोन्ही कार्डं जगभर चालतात आणि दोन्हींवर तुम्हाला सोबत्याबरोबर १८ मीटरपर्यंत जाता येतं. कार्ड एकदा मिळालं की त्याची मुदत संपत नाही. फी विचारताना नेमकं विचारा: ऑनलाइन अभ्यासाचे आणि कार्डाचे पैसे यात आहेत का, समुद्रातल्या चारही डाइव्ह आहेत का, सामानाचं भाडं आहे का, हवामानामुळे एखादी डाइव्ह राहिली तर ती पुढे कशी देणार. प्रशिक्षकाचा पॅडीचा किंवा एसएसआयचा नोंदणी नंबर मागा आणि त्या संस्थेच्या वेबसाइटवर तपासा. नंबर द्यायला कोणी लाजत नाही. लाजला तर समजून घ्या.

एक युक्ती थोड्यांनाच ठाऊक असते. थिअरी आणि तलावातला भाग एका ठिकाणी करून समुद्रातल्या डाइव्ह दुसरीकडे करता येतात. पॅडीत याला रेफरल म्हणतात आणि कागद बारा महिने चालतो. घरचे लोक पुढच्या उन्हाळ्यात अंदमानला जायचं म्हणतच असतील, तर तलावाचं काम तारकर्लीला उरका आणि तिकडच्या स्वच्छ पाण्यात नुसत्या डाइव्ह मारा. सुट्टीतले दोन दिवस वाचतात.

कोर्स संपला की लगेच 'ॲडव्हान्स्ड पण करून टाका' असं सांगतील. थांबा. ते ३० मीटरपर्यंतचं असतं. पहिल्या दहा-वीस डाइव्हमध्ये तुम्हाला एवढं खोल जायचंच नसतं, उथळ पाण्यात उजेड जास्त, रंग जास्त, आणि सिलिंडरही जास्त वेळ पुरतो. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, म्हणजे तोच श्वास दुप्पट हवा खातो. खोल गेलं की पैसे तेवढेच आणि मिनिटं कमी.

काय विकत घ्यायचं

मास्क. आणि सुरुवातीला एवढंच.

भाड्याचा मास्क दहा चेहऱ्यांना बसवलेला असतो, तुमच्या चेहऱ्याला तो गळणार. गळणाऱ्या मास्कने निम्मी डाइव्ह पाणी काढण्यात जाते. मी पहिला मास्क ऑनलाइन मागवला, तोही चेहरा पूर्ण झाकणारा, बत्तीसशेचा. दिसायला अंतराळवीरासारखा. तो फक्त पाण्यावर तरंगत बघण्यासाठी असतो. त्यात नाक चिमटीत धरता येत नाही, कानातला दाब सोडता येत नाही, डाइव्हिंगला त्याचा शून्य उपयोग. आता पुतण्याच्या खेळण्यात पडलाय.

मास्क हातात घेऊनच निवडा. पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवायचा, नाकाने हलकासा श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. चिकटून राहिला तर तुमचा. मिशी असेल तर नाकाखालून थोडा गळतोच. आमच्यात एकाने कोर्ससाठी मिशी उतरवली, त्याला महिनाभर कोणी ओळखलं नाही. चष्मा असेल तर नंबरच्या काचा बसणारा मास्क घ्या. नव्या काचेवर कारखान्यातून आलेला पातळ थर असतो, त्यामुळे ती पाण्यात धुरकटते. साधी पांढरी टूथपेस्ट बोटाने आतून दोन-तीनदा घासून धुवा. होडीवरून पाण्यात उतरण्याआधी बेबी शाम्पूचा एक थेंब फिरवून विसळला की झालं. त्यासाठी वेगळी बाटली विकतात, ती घेऊ नका.

वेटसूट, म्हणजे पाण्यात ऊब टिकवणारा रबरी पोशाख, मी साडेसात हजारांचा घेतला. आपल्याकडचं पाणी ऐन सीझनमध्येही सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या आसपास असतं आणि सेंटरवर सूट मिळतोच. अंगभर पोहण्याचा टी-शर्ट पुरतो. तो सूट आता कपाटात उभा असतो, रात्री लाइट लावला की दचकायला होतं. मोबाईलसाठी पाण्यात चालणारं कव्हरही तेविसशेचं घेतलं होतं. सहा मीटरवर आत पाणी शिरलं, आणि मोबाईल गेला त्याचा हिशेब मी बहात्तर हजारांत धरलेलाच नाही.

रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र) आणि बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जॅकेट) घेऊ नका. रेग्युलेटरची साधारण दरवर्षी सर्व्हिस लागते आणि त्यासाठी तो बाहेरगावी पाठवावा लागतो. वर्षात दहा-बारा डाइव्ह करणाऱ्याला भाडंच परवडतं. सिलिंडरचा तर विचारही नको. त्यात लोकांना वाटतो तसा ऑक्सिजन नसतो, साधी हवाच असते, पण सुमारे दोनशे बार दाबाने भरलेली आणि गाळून स्वच्छ केलेली. गॅरेजच्या किंवा रंगकामाच्या कॉम्प्रेसरमधून तेलाची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड आत जाऊ शकतो. तसल्या हवेने माणूस पाण्याखाली बेशुद्ध पडतो. हे सांगायचं कारण, उद्यमनगरातल्या आमच्या मित्राचा उत्साह. पाण्यात खाली जाता यावं म्हणून कंबरेच्या पट्ट्यात शिशाची वजनं असतात हे कळल्यावर तो म्हणाला, "मर्दा, शिसं मी ओतून देतो की, सेंटरला कशाला पैसे द्यायचे?" शिशाचे पैसे कोणी घेतच नाही हे ऐकून त्याचा चेहरा पडला. मग त्याची नजर सिलिंडरवर गेली. तिथे मी त्याला हात जोडले.

डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे पाण्याखाली खोली आणि वेळ मोजणारं यंत्र, वीस हजारांच्या आसपास जातो. तो भाड्याने घ्या, पण प्रत्येकाला स्वतंत्र. दोघांत एक ही काटकसर चालत नाही, कारण दोघांची खोली आणि वेळ कधीच तंतोतंत सारखी नसते.

घाट: उतरताना फुकटची शाळा, चढताना घड्याळ

कोल्हापूर ते मालवण दीडशे-एकशेसाठ किलोमीटर. गगनबावड्यावरून करूळ किंवा भुईबावडा घाटाने उतरा, नाहीतर राधानगरी-दाजीपूरवरून फोंड्याने. चौघे एका गाडीत असाल तर जाऊन-येऊन वीस लिटर पेट्रोल धरा, माणशी पाच-साडेपाचशे. एकटे असाल तर एसटी. महिलांना तिकीट निम्मं आहे, त्यामुळे नवरा-बायको दोघं जाणार असतील तर एसटीचा हिशेब आणखी सरस.

मुक्काम समुद्राला लागून नको. गावात आत, निवास-न्याहारीवाल्या घरांत राहा. नाताळ ते एक तारीख सोडून द्या, त्या आठवड्यात खोलीचे भाव दुप्पट होतात आणि जेट्टीवर जत्रा असते. जानेवारी-फेब्रुवारीतले मंगळवार-बुधवार उत्तम. आणि निघताना मिसळ हाणून होडीत बसू नका. मी सांगतोय, ऐका.

घाट उतरताना कानात दडे बसतात ना? तिथेच सराव करा. नाक चिमटीत धरा, तोंड बंद, हळूच फुंकर मारा, कान टक् करून उघडतात. दर दोन-तीन वळणांना करा, दुखायची वाट बघू नका. पाण्यात पहिल्या काही मीटरांत हेच सतत करायचं असतं. तुलना सांगायची तर अख्खा घाट उतरून हवेचा दाब जेवढा वाढतो, तेवढा पाण्यात पाऊण मीटरभर खाली गेलं की वाढतो. म्हणून तिथे कान इतके हट्ट करतात. सर्दी असेल तर जाऊच नका. सर्दीची गोळी घेऊन उतरलेल्या डाइव्हरचा कान वर येताना अडकतो, मग डॉक्टर आणि औषधं, आणि पुढचे काही आठवडे पाणी बंद.

आता चढण. डाइव्ह करताना दाबाखाली शरीरात जादा नायट्रोजन मुरतो आणि वर आल्यावर तो तासन् तास हळूहळू निघत राहतो. तेवढ्यात उंचावर गेलं तर बाहेरचा दाब आणखी कमी होतो आणि त्याचे बुडबुडे होण्याचा धोका वाढतो. म्हणून विमानाबद्दल सल्ला आहे: एकच डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास, एकापेक्षा जास्त किंवा अनेक दिवस केल्या असतील तर किमान १८ तास थांबा. विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब दोन हजार फुटांवर (सुमारे सहाशे मीटर) किंवा त्याहून उंच जागी असतो तसा धरून हा सल्ला दिलेला आहे. आपला घाटमाथा जवळपास त्याच उंचीवर आहे आणि खुद्द कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास. गोव्याच्या किंवा मुंबईच्या डाइव्हरला हा प्रश्न पडतच नाही, तो घरी गेला तरी समुद्रसपाटीलाच असतो. आपण मात्र रविवारी दुपारी दोन डाइव्ह मारतो आणि संध्याकाळी सातला गगनबावड्यात चहा पितो. एका रात्रीच्या मुक्कामाचे हजार-बाराशे वाचवायला हे करू नका. मी ट्रायल केलेल्यांनाही बारा तास थांबायला लावतो, त्यावर कुरकुर होते, होऊ दे.

वेळापत्रक उलटं लावलं की वेगळा मुक्काम लागतही नाही. शुक्रवारी रात्री पोचा, शनिवारी सकाळी दोन डाइव्ह, दुपारी मासे आणि झोप. रविवारी सकाळी सिंधुदुर्ग किल्ला, बाजारात कोकम-काजू, जेवून दोनला निघा. शनिवारी बाराला पाण्याबाहेर आलात तर घाट चढेपर्यंत चोवीस तास उलटून गेलेले असतात.

कार्ड मिळाल्यावर

माझे चार हजार रिफ्रेशरवर, म्हणजे उजळणीच्या छोट्या सत्रावर, गेले, कारण कोर्सनंतर नऊ महिने पाण्यात उतरलोच नव्हतो. सेंटरवाले लॉगबुक बघतात. खंड मोठा दिसला की आधी रिफ्रेशर करा म्हणतात. सहा महिन्यांत निदान दोन डाइव्ह होतील असं बघा आणि प्रत्येक डाइव्हची नोंद करा: तारीख, जागा, खोली, मिनिटं, किती वजन लावलं होतं, हवा किती उरली. वजनाचा आकडा विशेष जपा. तो माहीत असला की पुढच्या वेळी पहिली दहा मिनिटं वर-खाली होण्यात जात नाहीत.

हवा वाचवायला श्वास रोखून धरणारेही भेटतात. कोल्हापुरी काटकसर तिथे नको. श्वास रोखून वर आलं तर छातीतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. संथ, लांब श्वास घ्या, हातवारे बंद करा, हवा आपोआप पुरते.

दूरच्या सहली दोन वर्षांतून एक ठेवा. नेत्राणीसाठी कुडाळ किंवा कणकवलीहून कोकण रेल्वेने मुर्डेश्वर गाठता येतं. अंदमानला हॅवलॉकपर्यंत, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, खासगी बोटीपेक्षा सरकारी बोट स्वस्त पडते, फक्त तिकिटं लवकर काढावी लागतात. परतीचं विमान शेवटच्या डाइव्हच्या दुसऱ्या दिवशी दुपारनंतरचं घ्या. सकाळचं हजारभर स्वस्त दिसतं, पण त्यासाठी आदल्या दिवशीच्या डाइव्ह सोडाव्या लागतात.

घरी आल्यावर मास्क गोड्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा आणि सावलीत वाळवा. गाडीच्या डिकीत विसरलात तर कोल्हापूरच्या एप्रिलमध्ये सिलिकॉन पिवळं पडतं. माझा आत्ताचा मास्क अठ्ठावीसशेचा आहे, चौथं वर्ष चालू आहे, पट्टा एकदा बदललाय.